चिएला इंग्रजीत आणायचं तर तिची ओसाकाची बोली सोडून नको

एका वाचक मैत्रिणीनं विचारलं आहे : "मी पुण्यात जपानी शिकते, एन-थ्रीची, म्हणजे जपानी भाषेच्या परीक्षेतल्या मधल्या पातळीची, तयारी चालू आहे. अजून इंग्रजीत न आलेली, पण यायलाच हवी अशी एकच मांगा (जपानी चित्रकथा) सांगायची तर कोणती सांगाल? ती आजवर का आली नसावी? आणि मीच भाषांतर करायला घेतलं तर चालेल का?"

गेली अनेक वर्षं हा प्रश्न कुणीही विचारला तरी माझं उत्तर बदललेलं नाही. हारुकी एत्सुमी यांची 'जारिन्को चिए'. १९७८ ते १९९७, तब्बल एकोणीस वर्षं ती 'मांगा ॲक्शन' या साप्ताहिकात चालली. ६७ खंड झाले. जपानमधला मानाचा शोगाकुकान पुरस्कार तिला मिळाला. ओसाकात चिए माहीत नाही असा चाळिशीपुढचा माणूस शोधावा लागेल. आणि इंग्रजीच्या दुकानात तिचा एकही खंड नाही.

तुमच्यापैकी बरेच जण 'गारासु नो कामेन'चं, म्हणजे 'काचेचा मुखवटा'चं नाव घेतील हे मला ठाऊक आहे. मिउची सुझुए यांची ही १९७६ पासूनची, ४९ खंडांवर येऊन थांबलेली रंगभूमीची कथा आपल्यासारख्या नाटकवेड्या माणसांना वेड लावते, त्यात शंका नाही. पण तिच्या बाजूनं बोलणारे जगभर आहेत, तिच्यावरची ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशनची, मालिका इंग्रजी उपशीर्षकांसह आलेलीही आहे. चिएसाठी बोलणारे कमी आहेत, म्हणून माझं मत चिएला.

आधी नावाबद्दल. 'जारी' म्हणजे खडी, रेती. बोलीत पायात सारखी घोटाळणारी बारकी पोरं म्हणजे जारी. 'जारिन्को'ला मराठीत माझ्या मते एकच शब्द आहे : कार्टी. राग, वैताग आणि माया तिन्ही एकाच शब्दात. या मांगावरच्या चित्रपटाचा उल्लेख इंग्रजीत करताना 'चिए द ब्रॅट' म्हणतात, त्यात वैताग येतो, माया येत नाही.

ही कार्टी पाचवीत शिकते आणि होरुमोन, म्हणजे जनावराची आतडी वगैरे, भाजून विकायचं दुकान चालवते. तिचा बाप तेत्सू धडधाकट आहे, दणकट आहे, पण काम करत नाही. जुगार खेळतो, आणि हरला की गल्लीतल्या गुंडांना बडवून त्यांचे पैसे काढून घेतो. आजोबांना थापा मारून त्यांच्याकडून पैसे उकळतो, आणि ते भोळे दर वेळी देतात. आई, योशिए, नवऱ्याच्या अशा वागण्यामुळे घर सोडून गेलेली आहे, शिवणकाम शिकवून पोट भरते, आणि चिए तिला बापाच्या चोरून भेटते. शाळेतून आल्यावर कोळसा पेटवायचा, सळया लावायच्या, दारुड्या गिऱ्हाइकांना दटावायचं, गल्ला मोजायचा आणि तो बापाच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवायचा, हा तिचा दिनक्रम. पायात लाकडी गेता. वेळ आली की तोच गेता हातात घेऊन बापाच्या डोक्यात.

एवढं वाचून कुणाला वाटेल की ही अश्रूंची कथा असणार. ती तशी नाही, आणि माझं तिच्यावर प्रेम बसलं ते त्यामुळेच. चिए स्वतःबद्दल एक वाक्य सारखं म्हणते : "उची वा निहोन-इची फुकोऊ ना शोऊजो या." अख्ख्या जपानात माझ्याइतकी कमनशिबी पोरगी कुणी नसेल. पण हे ती सळया उलटत, हिशेब करत, कपाळाला आठी घालून म्हणते. त्यात दयेची मागणी नसते. आज पाऊस आहे, गिऱ्हाईक कमी येईल, हे जसं सांगावं तसं ती ते सांगते. मुलांच्या तोंडी दुःख घालणारे लेखक त्यांना बहुधा लहान तरी करतात किंवा अकाली म्हातारं तरी. हारुकींनी दोन्ही केलं नाही. चिए दुकानात मालकीण असते आणि आईला भेटायला जाताना केस नीट बांधणारी दहा-अकरा वर्षांची मुलगी असते, आणि ही दोन रूपं वेगळी आहेत असं चित्रांत कुठेही जाणवत नाही.

मला सर्वांत जवळचा वाटणारा भाग सुरुवातीच्या खंडांतलाच आहे. आई, बाप आणि मुलगी बऱ्याच काळानं एकत्र फिरायला जातात. दांडगाईत कुणाला हार न जाणारा तेत्सू बायकोसमोर बसला की त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. आईही गप्प. मग मधली ती शांतता भरून काढायला चिए उगाच बडबडते, उगाच हसते, दोघांच्या वतीनं आनंदी होते. भांडण झालेल्या घरात वाढलेल्या प्रत्येकाला ही बडबड ओळखीची आहे. कुणी कुणाला काही समजावून सांगत नाही, कुणी रडून मोकळं होत नाही. पुढच्या पानावर पुन्हा विनोद सुरू.

माझी आणि तिची ओळख झाली तेव्हा मी वीसेक वर्षांपूर्वी एका यंत्रकारखान्याच्या कामासाठी दुभाषी म्हणून ओसाकाला होते. पुण्यात शिकलेलं जपानी स्वच्छ, घडी घातलेलं होतं. कारखान्यात पहिल्याच दिवशी पाळीच्या मुकादमानं मशीनकडे बघून एकच शब्द टाकला, "अकान". मी पाठ्यपुस्तकं मनात चाळत राहिले आणि आमचे मराठी इंजिनिअर माझ्या तोंडाकडे बघत राहिले. 'अकान' म्हणजे नाही जमायचं, बिघडलंय, चालणार नाही. ओसाकात दिवसातून शंभरदा ऐकू येणारा शब्द, आणि मला तो कुणी शिकवला नव्हता. त्याच मुकादमानं जेवणाच्या सुट्टीत सांगितलं, आमची भाषा शिकायची तर चिए वाचा. स्टेशनजवळच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात पहिले काही खंड मिळाले. पहिला खंड संपवायला मला तीन आठवडे लागले. दुसऱ्याला एक.

आता ही मांगा आजवर इंग्रजीत का आली नसावी. हा माझा या क्षेत्रातल्या कामावरून बांधलेला अंदाज आहे, पण तो मी पूर्ण खात्रीनं मांडते.

'मांगा ॲक्शन' हे काही कोपऱ्यातलं साप्ताहिक नव्हतं. 'लुपिन थर्ड' तिथलीच, १९६७ ची. 'लोन वुल्फ अँड कब' म्हणून इंग्रजीत गाजलेली 'कोझुरे ओकामी' तिथलीच, १९७० ची. आणि आपल्याकडच्या पोरांनी हिंदी डबिंगमधून डोक्यावर घेतलेला शिन-चान, तोही १९९० साली तिथेच जन्मला. या तिन्ही मांगा इंग्रजीत आल्या. एकात चोर आहे, एकात तलवार आहे, एकात पाच वर्षांचा वात्रट मुलगा आहे, म्हणजे विकणाऱ्याला एका वाक्यात सांगता येईल असं काहीतरी आहे. चिएचं काय सांगणार? नायिका शाळकरी मुलगी, पण साप्ताहिक प्रौढ पुरुषांचं. म्हणजे मुलींच्या कप्प्यात बसत नाही, मुलांच्या कप्प्यात बसत नाही, प्रौढांच्या कप्प्यात ठेवावी तर मुखपृष्ठावर केसांत गोळे बांधलेली पोर आणि मांजर. दुकानदाराला ती कुठल्या फळीवर लावायची हेच कळत नाही. त्यात ६७ खंड. त्यात बाप मुलीच्या कमाईवर जुगार खेळतो, आणि कथा त्याला शिक्षा करत नाही.

पण खरी भिंत भाषेची आहे. या मांगात प्रमाण जपानी जवळजवळ कुणी बोलतच नाही. पोरं, म्हातारे, गुंड, पोलीस, मास्तर, सगळे ओसाकाची बोली बोलतात. मांजरंसुद्धा. हो, इथे मांजरं दोन पायांवर चालतात आणि आपापसांत बोलतात. चिएचा बोका कोतेत्सू, कपाळावर चंद्रकोरीची खूण असलेला, हा एकेकाळचा नामांकित लढवय्या आहे. त्याच्याशी झुंजल्यानंतर जुगाराच्या अड्ड्याच्या मालकाचा लाडका बोका अँतोनिओ मरतो, आणि अँतोनिओचा मुलगा सूड घ्यायला येतो. त्या प्रसंगी कोतेत्सू हात उचलायला नकार देतो. गल्लीतल्या दोन बोक्यांच्या या गोष्टीत हारुकींनी सूडकथेचं सगळं गांभीर्य ओतलं आहे, आणि दोघं बोलतात मात्र नाक्यावरच्या पोरांसारखं. ही मजा बोलीशिवाय उभी राहत नाही.

इंग्रजी भाषांतरात ओसाकाच्या बोलीचं काय करतात, याचा एक ठळक नमुना आहे. आझुमा कियोहिको यांच्या 'आझुमांगा दाइओह'मध्ये 'ओसाका' याच टोपणनावाची मुलगी आहे. ॲनिमेच्या इंग्रजी डबिंगमध्ये तिला अमेरिकेच्या दक्षिणेकडचा, टेक्सासच्या वळणाचा उच्चार दिला. मांगाच्या पहिल्या इंग्रजी आवृत्तीत तीच मुलगी न्यूयॉर्कच्या ढंगानं बोलली. एकाच पात्राला दोन भाषांतरकारांनी दोन गावांत नेऊन ठेवलं. तिथे एकच पात्र होतं म्हणून खपून गेलं. चिएमध्ये अख्खी वस्ती त्या उच्चारात बोलायला लागली तर वाचक ओसाकात राहणारच नाही, तो थेट टेक्सासला पोचेल.

शिवाय ओसाकाची बोली गावंढळ नाही, आणि बाहेरून बघणाऱ्यांची चूक होते ती इथे. एदोच्या काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, ओसाकाला 'देशाचं स्वयंपाकघर' म्हणत, सगळ्या मुलखातला तांदूळ तिथे येऊन विकला जाई. ही व्यापाऱ्यांच्या शहराची भाषा आहे. घासाघीस करणारी, समोरच्याला हसवून भाव पाडणारी, पटकन टोला देणारी. तोक्योपुढे मान न झुकवणारी. मानझाई नावाचा दोघांचा विनोदी संवादप्रकार याच शहरात बहरला. एक जण खुळ्यासारखं काहीतरी बोलतो, दुसरा ताबडतोब त्याला झापतो. आपल्या तमाशातल्या बतावणीची ज्यांना सवय आहे त्यांना ही लय लगेच कळेल. तेत्सू आणि चिए ही अशीच जोडी आहे. बाप खुळा, मुलगी झापणारी. घरातल्या दुःखाला मानझाईचा साचा दिला, हे हारुकींचं मोठं कसब.

मी स्वतःपुरतं काही पानांचं मराठी करून पाहिलं आहे, छापायला नाही, समजून घ्यायला. पहिला मसुदा मी नकळत खेड्यातल्या भाषेत केला. 'बोली' म्हटलं की आपला हात आधी शेताकडे जातो. वाचून बघितलं तर चिए एकदम विहिरीवर पाणी भरायला निघालेली दिसायला लागली. सगळं फेकून दिलं. दुसऱ्यांदा कानात लालबाग-परळच्या चाळी ठेवल्या, गिरणीच्या भोंग्यावर उठणाऱ्या घरांची मराठी, जिच्यात शहराची घाई आहे आणि कुणापुढे लाजणं नाही. तेव्हा कुठे चिए दुकानात उभी राहिली.

मराठीत करताना एक गोष्ट अशी सापडली की ती इंग्रजीत कशी न्यायची हा प्रश्न मला अजून छळतो. चिए आजीला 'ओबाहान' म्हणते, आईला 'ओकाहान'. ते 'हान' म्हणजे 'सान'चं ओसाकातलं मऊ रूप, त्यात आदर आणि जिव्हाळा दोन्ही. आणि बापाला? नुसतं 'तेत्सू'. बाबा नाही, नावापुढे काही नाही. एकाच वाक्यात आजीला आदर आणि बापाला नावानं हाक. जपानी घरात ही गोष्ट कानाला केवढी खटकते हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. आपल्याकडे बापाला अरे-तुरे चालतं, पण पोरीनं नावानं हाक मारली तर शेजारी दार उघडून बघतील. म्हणून मराठीत मला हत्यारं मिळाली. आजीला 'तुम्ही', बापाला 'तेत्सू, ऊठ, गिऱ्हाईक आलंय'. इंग्रजीत 'तू' आणि 'तुम्ही' एकच. तिथे हा फरक सर्वनामात दाखवता येत नाही, तो वाक्यांच्या लांबीत दाखवावा लागेल. आजीशी बोलताना चिएची वाक्यं पूर्ण, बापाशी बोलताना तुटक. माझ्या मते चांगल्या इंग्रजी भाषांतराचं सूत्र हेच असावं. नकाशावरचा कुठलाही प्रांत उचलू नये, स्पेलिंग मोडून उच्चार दाखवू नयेत. कोण कोणाशी किती छोटं, किती तिखट बोलतं, यातून बोली उभी करावी.

होरुमोनचंही असंच. होरुमोन म्हणजे जनावराची आतडी, जठर, काळीज वगैरे. ओसाकात सांगतात की हा शब्द 'होरु मोनो', म्हणजे टाकून द्यायची वस्तू, यावरून आला. अभ्यासकांना ते पटत नाही, ते वैद्यकातल्या हार्मोनकडे बोट दाखवतात. व्युत्पत्ती काहीही असो, लोकांना पहिली आवडते, कारण तीत त्या वस्तीची गोष्ट आहे. दुसऱ्यांनी टाकलेलं भाजून पोट भरणारी माणसं. मराठीत वजडी म्हटलं की वास, गल्ली, खाणारा माणूस, सगळं एका शब्दात येतं. इंग्रजीत त्याला 'बार्बेक्यू' म्हणून मोकळं होऊ नये एवढीच माझी विनवणी आहे. होरुमोन हा शब्द तसाच ठेवावा. वाचक दहा पानांत शिकतो. सुशी शिकला, रामेन शिकला, हेही शिकेल.

कथेची जागा समजून घेणंही गरजेचं आहे. ओसाकाच्या दक्षिणेकडे निशिनारी नावाचा भाग आहे. हारुकींचा जन्म तिथलाच, १९४७ चा. त्यांनी कथेसाठी घडवलेल्या वस्तीचं नाव निशिहागी, त्यात निशिनारीतल्या हागिनोचाया या खऱ्या जागेचं नाव ऐकू येतं. त्याच्या आसपास कामागासाकी, जिचं सरकारी नाव १९६६ पासून आइरिन आहे. रोजंदारीवरच्या मजुरांची वस्ती. युद्धानंतरच्या भरभराटीत ओसाकाच्या इमारती, रस्ते, बंदरं ज्यांनी बांधली ते मजूर इथल्या स्वस्त खोल्यांत राहत. १९६१ साली तिथे मोठी दंगल झाली आणि पुढेही होत राहिल्या, त्यामुळे उरलेल्या जपानला ही जागा फक्त बातम्यांतल्या भीतीसारखी माहीत होती. हारुकींनी ती आतून काढली. त्यांच्या चित्रांत गरिबीचं प्रदर्शन नाही. कौलांच्या रांगा, टेलिफोनच्या तारा, दुकानांच्या पाट्या, गल्लीच्या टोकाला बसलेलं मांजर. चौकटी साध्या. तामा कला विद्यापीठात तैलचित्रण शिकलेला माणूस इतकी कमी रेषा वापरतो ते त्याला काय गाळायचं हे ठाऊक आहे म्हणून.

आणि त्या वस्तीत विद्वानही आहे. तेत्सू जगात ज्यांना घाबरतो त्यांत त्याची आई आहे, जी त्याच्याहून दणकट आहे, आणि त्याचे जुने मास्तर हानाई आहेत. हे म्हातारे हानाई चिनी कवी ली बाईचे अभ्यासक आहेत, आणि गरज पडली तर तेत्सूला धोपटूही शकतात. त्यांचाच मुलगा आता चिएचा वर्गशिक्षक. बापाला ज्या मास्तरांनी वळण लावायचा प्रयत्न केला, त्यांच्या मुलाकडे त्या बापाची मुलगी शिकते. शाळेत पालकांना बोलावतात त्या दिवशी तेत्सू येऊ नये म्हणून चिए काय काय करते आणि तो तरीही कसा येतो, हा प्रकार वाचताना मी ओसाकाच्या लोकलमध्ये इतकी हसले की समोरच्या आजींनी पुस्तकाचं कव्हर बघून मान डोलावली.

आक्षेप येतील. बाप मारामारी करतो, मुलगी काम करते, आजची माणसं हे विनोदानं कसं घेतील? ही भीती इंग्रजी प्रकाशकांना असणार. माझं उत्तर असं की ही मांगा तेत्सूला माफ करत नाही आणि राक्षसही करत नाही. त्याच्यामुळे कुणाचं काय जातं ते पानापानावर दिसतं. आई पुढे घरी परत येते, पण म्हणून तेत्सू सुधारत नाही. तो नोकरी धरत नाही, त्याला शहाणपण सुचत नाही. एकोणीस वर्षं चिए पाचवीतच राहते आणि तेत्सू तेत्सूच राहतो. पोरीला बाप नकोसा आहे आणि हवाही आहे. हे ज्यांच्या घरात आहे त्यांना ते पुस्तकात सापडणं ही मोठी सोबत असते. तो कोपरा कुणी गुळगुळीत करून छापणार असेल तर छापू नये.

कसं छापावं यावरही माझं ठाम मत आहे. लांबलचक मांगांमधून निवडक भाग काढायची पद्धत आहे. 'ओइशिन्बो' या खाद्यमांगाचे शंभराहून जास्त खंड असताना विझ मीडिया या इंग्रजी प्रकाशकानं विषयवार निवडून २००९-१० मध्ये सात इंग्रजी खंड काढले. भात एका खंडात, साके एका खंडात. तिथे ते शोभलं, कारण विषय अन्न होता. पण त्यात दोन मुख्य पात्रांचं नातं पुढे-मागे उड्या मारत राहिलं. चिएचं तसं केलं तर ती मरेल. इथे आई हळूहळू घराच्या जवळ येते, अँतोनिओच्या मुलाचा राग हळूहळू निवतो, शेजारीपाजारी हळूहळू कळत जातात. म्हणून सुरुवातीपासून, क्रमानं. दोन-दोन मूळ खंडांचं एक जाड पुस्तक अशी पाच-सहा पुस्तकं आधी काढावीत. ती खपली तर पुढचं बघावं, नाही खपली तरी वाचकाच्या हातात आई घरी येईपर्यंतची कथा राहील. शेवटी निशिनारीवर चारपाच पानांचं टिपण जोडावं. पानाखाली टिपांची गर्दी करू नये, विनोद टीप वाचून कळत नाही.

चित्रपटाचा आधार इथे उपयोगी पडू शकतो. ताकाहाता इसाओ यांनी 'जारिन्को चिए'वर ॲनिमेपट केला, तो एप्रिल १९८१ मध्ये जपानात लागला. घिब्ली हा प्रसिद्ध ॲनिमे स्टुडिओ निघायच्या चार वर्षं आधी. त्याच वर्षी टीव्ही मालिकाही सुरू झाली, आणि कानसाई भागात, म्हणजे ओसाकाच्या आसपासच्या मुलखात, ती पुढे कितीतरी वेळा पुन्हा दाखवली गेली. चित्रपटात ताकाहातांनी आवाजासाठी ओसाकाच्या मानझाई कलावंतांना घेतलं, तेत्सूचा आवाज निशिकावा नोरिओ यांचा. त्यांनाही कळलं होतं की बोली खरी नसेल तर काहीच खरं राहणार नाही. ताकाहातांच्या 'होतारु नो हाका' ('ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज') या चित्रपटावर जीव टाकणारे प्रेक्षक जगभर आहेत, आपल्याकडेही आहेत. त्यांना हा दुवा सांगितला तर चिएकडे येणारी वाट सोपी होईल.

आता तुमच्याबद्दल. एन-थ्रीला असाल तर पहिला खंड जड जाईल, पण घ्या. व्याकरण अडणार नाही, रूपं अडतील. नकारासाठी 'नाइ'ऐवजी 'हेन' दिसेल, 'होन्तो'ऐवजी 'होन्मा', 'इकुरा'ऐवजी 'नाम्बो', 'शिकाता नाइ'ऐवजी 'शाआनाइ', आणि वाक्याच्या टोकाला 'दा'च्या जागी 'या'. 'दोत्सुकु' म्हणजे ठोकून काढणं, तो शब्द तेत्सूमुळे पहिल्या दिवशीच पाठ होईल. डोळ्यांनी वाचू नका, मोठ्यानं वाचा. ओसाकाची बोली कानात बसते, डोळ्यांत बसत नाही. मुलाखतीत किंवा परीक्षेत मात्र ती वापरायची नाही. माझ्या एका विद्यार्थ्यानं साहेबांपुढे 'अकान' म्हटलं, ते ओसाकाचे निघाले म्हणून निभावलं.

भाषांतर करा. जरूर करा, पण ते वहीत ठेवा. स्कॅन करून नेटवर टाकू नका. लेखकाच्या परवानगीशिवाय ते त्याचं काम उचलणं आहे, आणि जे फुकट मिळतं त्याच्यासाठी पैसे मोजायला परदेशी प्रकाशक आणखी कचरतो. हक्काचा व्यवहार मूळ प्रकाशक, इथे फुताबाशा, आणि इंग्रजी प्रकाशक यांच्यात होतो, भाषांतरकार त्यात नंतर येतो. वाचक म्हणून आपल्या हातात मागणी आहे. सेव्हन सीजसारखे काही इंग्रजी प्रकाशक वाचकांकडून फॉर्म भरून घेतात, कोणती मांगा हवी ते विचारतात. तिथे नाव लिहा, लेखकाचं नाव आणि मूळ प्रकाशक लिहा, एका ओळीत कारण लिहा. मी दर वेळी भरते. आणि वहीतली दहा पानं चांगली उतरली की जपून ठेवा. उद्या एखाद्या प्रकाशकानं नमुना मागितला तर ओसाकाची बोली ऐकू येणारं कुणीतरी त्याला लागणारच आहे.

पहिल्या खंडात एक पान शोधा. दुकान बंद करून चिए एकटी बसली आहे, समोर बोका. तिथून सुरू करा, आणि ती बोक्याशी जे बोलते ते तुमच्या घरच्या मराठीत उतरवून मला पाठवा.